पाव इंची

नागदेवी स्ट्रीटला, दुकानाच्या पायरीवरच
मुर्तझाभाईंनी विचारलं, मिस्त्री कुठाय?
म्हटलं, मीच.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
तारा सोलल्यात या बोटांनी.
ते हसले नाहीत. स्टूल पुढे केलं.

आधी दाखवला अर्ध्या इंचाचा,
दोन मुठींचा, स्प्रिंगवर खाली दबणारा.
उचलून पाहिला:
गॅसच्या सिलिंडरचा धाकटा भाऊ.
हा दरवाजे करणाऱ्यांचा, म्हणाले, रोज आठ तास.
तुम्हाला काय करायचंय?

एक ट्रे.
एकच?
एकच.

मग काढला पाव इंची,
सोललेल्या नारळाएवढा, एका हातात मावणारा,
वेगाची चकती एक ते सहा.
एक सरळ पातं, एक गोलाईचं,
आणि एक, ज्याच्या मानेला बेअरिंग,
वाटाण्याहून जरा मोठं.
यंत्रात वाचवा पैसे, म्हणाले, पात्यात नको.
हे मी बिलाच्या मागे लिहून घेतलं.

कांजूरला आमची गॅलरी साडेचार बाय सात.
सेक्रेटरी नाबरांनी लेखी दिलं:
अकरा ते एक. रविवारी नाही.
मिनिटाला वीस हजार फेरे,
खालच्या मजल्यावरच्या पोपटाने
आठवड्यात तो आवाज उचलला.
तो काही वेळ पाळत नाही.
नाबर जिना चढून माझ्याकडे येतात.

शिकले ते असं.
पातं बदलताना बटण बंद पुरत नाही,
प्लग आपल्यासमोर लोळताना दिसला पाहिजे.
पातं तळाला टेकलं की केसभर वर घ्यायचं,
मग आवळायचं.
बाहेरच्या कडेला डावीकडून उजवीकडे,
आतल्या कडेला नेमकं उलट.
चुकलात तर यंत्र तुम्हाला घेऊन पळतं
बुजलेल्या घोड्यासारखं.
सहा मिलिमीटरची खोली एका दमात मागू नये.
दोन. मग दोन. मग दोन.
आणि मध्ये थांबू नये, लाकूड जळतं.

मी थांबले.
बेल वाजली, कुरिअर, शेजारच्यांचं.
रे रोडहून वजनावर आणलेल्या जुन्या सागावर
नखाएवढी काळी कोर.

ट्रे मोरेश्वरसाठी. माझा थोरला भाऊ.
परळपासून भांडुपपर्यंत पाट्या रंगवल्या त्याने,
सायकल मार्ट, लॉन्ड्री, दाताचे डॉक्टर,
शिरोरेषा ओढायचा दोरी न मारता.
आता बशीत कप वाजतो,
तो खोलीतून निघाला हे कपावरून कळतं.

कपाच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवून
मी प्लायचा साचा कापला,
तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून बसायचा,
नाकाला रुमाल, चष्म्यावर भुसा.
एक दिवस म्हणाला, दे.

प्लग काढला. पातंही काढलं.
त्याच्या जागी मानेत बसवली
बेअरिंगच्या मापाची एक गुळगुळीत लाकडी खुंटी,
आणि दिलं.
त्याने दोन्ही हातांनी धरलं,
साच्याच्या कडेला टेकवलं, फिरवलं.
एकदा. पुन्हा. आणखी एकदा.
गॅलरीत आवाज नाही,
फक्त लाकडावर लाकूड सरकल्याचा.
खुंटी कडेपासून सुटली नाही.
मी उगाचच प्लग मुठीत धरून उभी.

म्हणजे ह्यालाही दोरी लागते, तो म्हणाला,
आणि यंत्र परत दिलं.

पॉलिश पेपरचे तीन नंबर झाले, कोर गेली नाही.
राहू दे, म्हणाला, पाटीवर पेंटरची सही असतेच.

काल त्याने स्वतः ओट्यावरून कप उचलला,
स्वतः खळग्यात ठेवला, ट्रे धरून निघाला.
मी पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते.
कप वाजला नाही.
थोडा चहा सांडला.
सांडला तो खळग्यातच राहिला, कोरीच्या काठापर्यंत.

खाली पोपटाने यंत्र सुरू केलं.
साडेचार वाजले होते.
आता नाबर येतील.