सुरमईचे कान

घोड्या रात्री व्यातात, कुणी बघत नसताना.
बाबा बिडी ओढायला बाहेर गेले,
तेवढ्यात तिनं उरकून घेतलं.

झापांच्या छपराखाली, पेंढ्यावर
ओलं, काळं, नुसते पायच पाय असलेलं काहीतरी.
खुरांना माकुलासारखी मऊ झालर.

बाबा आत आले आणि सुरमईचे कान
मानेला चिकटले.
अकरा वर्षं कुलाब्याच्या किल्ल्यावर सवाऱ्या नेल्या तिनं
ओहोटीच्या चिखलातून, या माणसाच्या एका 'हं'वर.
आता मागचा पाय उचलून म्हणाली, तिथंच.

बाबांनी हात धुतले. वाळूनं घासले, परत धुतले.
अकरा वर्षांचं चामडं असं जात नाही.

दाऊद नालबंद फोनवर, झोपेतच :
"ज्याच्या हाती कधी लगाम नव्हता त्याला पाठव.
आधी घोडीला भेटायचं, मग पिल्लाला.
दोघांच्या मधे उभे राहिलात तर मला परत फोन करू नका."

म्हणून मी.
जिला टांग्यावर कधी बसू दिलं नाही,
पोरीचं काम नाही म्हणून.

खांद्याच्या बाजूनं गेले, डोळ्यांत न बघता.
तळहात नाकाखाली धरला.
तिनं हुंगलं : कांदा, साबण, माझी भीती.
एक कान सुटला, माझ्याकडे वळला.
दुसरा बाबांवरच होता.

शिंगरू तिसऱ्यांदा पडलं तेव्हा
पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला.
कातडी थरथरली, थरथरत राहिली, थांबली.
थांबल्यावरच काढायचा हात, आधी नाही,
दाऊदभाईंनी बजावलं होतं.
मग कान. पोट. मग एकेक खूर, बोटानं टकटक.

सुरमई घशातल्या घशात काहीतरी बोलत होती.
असा आवाज आमच्या घरात
कुणी ऐकला नव्हता तिचा.

साडेचारला त्याला आचळ सापडलं.
ओठांना चीक, शेपटीची चाललेली फिरकी.
मग वार पडली. बाबा बाहेरूनच :
"अख्खी आहे ना? टोकं बघ, चंपे."
मोबाईलच्या उजेडात पसरून बघितली. अख्खी.

उजाडताना पाणी उतरलं.
बाकीचे टांगे हाका मारत किनाऱ्याकडे गेले.
बाबा उठले नाहीत.
चाबूक लांब, सुरूच्या बुंध्याला टेकवून आले
आणि दाराशी बसले,
मांडीवर हात उताणे ठेवून.

सुरमई पेंढा चघळत राहिली.