मातीच्या पेट्या

बिस्त्रित्साच्या वाचनालयात, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत,
दर गुरुवारी आम्ही सहाजण बसतो.
पाच शेगडीपाशी,
गाव्रिल दाराशी, त्याला धग सोसत नाही.
या हिवाळ्यात ते पुस्तक काढलं,
इतकी वर्षं टाळलेलं.
लिहिणारा म्हणे इकडे कधी फिरकलाच नव्हता.
नकाशा समोर पसरून
त्यानं आमच्या घाटात लांडगे सोडले.

“लांडगे बरोबर आहेत,” गाव्रिल म्हणाला,
“पण आमच्या तिखट कोंबडीनं एवढी तहान?
नाजूकच होता पाहुणा.”

झामफिरा तीस वर्षं रक्तपेढीत होती.
तिच्या प्रतीत समासभर पेन्सिलीची प्रश्नचिन्हं.
एकाच पोरीला चार पुरुषांचं रक्त चढवलं
आणि रक्तगट कुणीच विचारला नाही?
“उमरावानं नाही मारलं तिला,
डॉक्टरनं मारलं.”
आम्ही इतके हसलो की खालून
औषधवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

ऑक्टावला उंबरठ्याचं आवडलं:
बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही.
“म्हणजे व्हिसा,” तो म्हणाला.
“एक्क्याण्णव साली मी वकिलातीबाहेर दोन रात्री काढल्यात,
दातसुद्धा दाखवले असते, कुणी पाहिले असते तर.”

मग इल्झेबाई.
त्यांच्या गल्लीत आता जर्मन बोलणाऱ्या त्या एकट्या,
म्हणजे बोलणं मांजराशीच.
चष्मा पुसत म्हणाल्या,
“यात जो तो डायरी लिहितो.
पत्रं आहेत, तारा आहेत, जहाजाची नोंदवही आहे.
त्याचं एक पान नाही.
शेकडो वर्षं रात्री जागणारा माणूस
काहीच लिहीत नसेल?”

मी वाचनालय सांभाळते,
मला हे सुचायला हवं होतं.
आरशात नाही, ते ठीक.
कागदावरही नाही.

मग मी पेट्यांचा भाग मोठ्यानं वाचला.
परमुलखात निघालेला तो,
आणि बरोबर पेट्याच पेट्या, घरच्या मातीनं भरलेल्या,
कारण दुसऱ्या कुठल्या मातीत त्याला झोप नाही.

कुणी हसलं नाही.

लेनुत्सा पहिल्यांदाच बोलली.
तिची बहीण दोम्निका बोलोन्यात एका म्हातारीला सांभाळते.
रात्री दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलते.
बारा वर्षं रक्ताचं पाणी.
“मागच्या उन्हाळ्यात फोनवर म्हणाली,
परसातली माती आण, जिरेनियम लावायचंय.
मी मुरंब्याची बरणी भरून नेली.
बसवाल्यानं झाकण उघडून वास घेतला.”

“मग? फुललं?” झामफिरानं विचारलं.

“कुंडी पलंगाखाली ठेवते ती.
तिथे कुठलं ऊन.”

शेगडीत एक लाकूड तडकलं.
ऑक्टावनं घरची प्लमची दारू काढली, लहान पेले,
आणि कुणाच्याच नावानं न बोलता
आम्ही प्यायलो.

पुढच्या गुरुवारी त्याला मारतात, तो भाग आहे.
गाव्रिल टोपी घालत म्हणाला,
“येईन मी.
पण ते मोठ्यानं नका वाचू.”