कोठावळ्याचं घर, मोजणी चालू

दहा वाजता टेप लावला.
पूर्वेची भिंत सात मीटर साठ.
कागदावर सात पन्नास.
दहा सेंटिमीटर कुठून आले, लगेच विचारलं नाही;
आमच्या खात्यात आधी आकडा लिहितात,
आश्चर्य नंतर, पेन्सिलीनं, समासात.

वाईत, घाटाच्या वरच्या अंगाला हे घर.
त्याचा पहिला मालक माणूस नव्हता,
माप होतं. तांब्याचं,
काठावर देवाचा शिक्का.
ते ज्याच्या हाती, त्याला हे घर:
मागे कोठी, पुढे ओटी,
मधल्या भिंतीत हात जाईल एवढं भोक.
पहाटे त्यातून नैवेद्याचा तांदूळ यायचा,
दिवेलागणीला नंदादीपाचं तेल.
गुरव, मशालजी, घडशी, पाणक्या
पदर, पंचे, भांडी पुढे करायचे.
आतला माणूस कुणाला दिसला नाही कधी.
फक्त मनगट.

दप्तरात मोडीतला एक कागद आहे.
बर्गे भाऊसाहेबांनी भिंग धरून वाचला:
‘विसाजी कोठावळा, याचे मापास बुडी मेण निघाले.
तोळे नऊ.’
पुढे शिक्षा असणार, ती वाळवीनं खाल्ली.
नऊ तोळे, दिवसातून दोनदा, सतरा वर्षं –
मी मागच्या पानावर गुणाकार केला.
एका लग्नाचा खर्च निघतो.
किंवा दुष्काळात दोन लेकरं जगतात.

विसाजीनंतर माप त्याच्या सुनेकडे आलं, सगुणाकडे.
तिनं भोक लिंपून टाकलं
आणि ओटीवर, उन्हात बसून मापायला लागली.
लोकांना ते आवडलं नाही म्हणतात.
मनगटाशी भांडता येत होतं,
हिच्या तोंडाकडे बघून कसं भांडणार?

मग गोरा साहेब आला, सनद मागितली.
घरच्यांनी माप पुढे ठेवलं.
साहेबानं ते उलटं करून पाहिलं, ठोकून पाहिलं,
आणि घर सरकारजमा.

पुढे पोस्ट. तांबोळी मास्तरांनी भोक पुन्हा फोडलं,
गज बसवले.
मुंबईच्या गिरणीतून आलेले पंधरा-पंधरा रुपये
त्याच वाटेनं बाहेर आले.
सदुसष्टच्या भूकंपात पहाटे भिंत फुगली.
गाव म्हणतं, फटीतून जुनं माप निघालं.
संपत ननावरे म्हणतो, चुन्याचा भुगा निघाला
आणि एक विंचू.

संपतचं रेशन दुकान आहे आता इथं.
गज तेच. काटा इलेक्ट्रॉनिक.
मी टेप गुंडाळत होतो तेव्हा एक बाई आली,
लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारी.
अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं.
पदरानं पुसून ठेवला. नाही.
दुसरा ठेवला. नाही.
‘घासून गेलाय,’ ती म्हणाली,
जणू चूक तिचीच.

संपतनं रस्त्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे, माझ्या सरकारी पिशवीकडे.
मी भिंतीचं माप पुन्हा घ्यायला वळलो.
पाठीमागे तांदूळ पडल्याचा आवाज आला,
बराच वेळ.

सात साठ. अजूनही सात साठ.

नकाशावर लिहिलं: भिंत कागदाप्रमाणे.
खाली सही, तारीख.
आणि समासात, पेन्सिलीनं, अगदी बारीक,
खोडता येईल असं:
मेण.