ङ ला काम मिळालं

भांडी बाजारात, जिना चढून, माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, द्राक्ष बागायतदारांचा अहवाल.
मे महिन्यात बागूल बाई आल्या
कापडी पिशवीत एक अख्खी भाषा घेऊन.
पापुआच्या कुठल्याशा डोंगरातली. बोलणारी माणसं एकशे बारा.
"मी गेले तेव्हा एकशे एकोणीस होती,"
म्हणाल्या, आणि अ‍ॅडव्हान्स किती ते विचारलं.

पहिलाच शब्द ङ्ग ने सुरू.
मी कीबोर्डवर ङ शोधत बसले,
लग्नात भेटलेल्या लांबच्या काकांचं नाव आठवावं तशी.
शाळेच्या तक्त्यात त्याच्या चौकोनात चित्रच नव्हतं,
त्याच्यावरून उडी मारून आम्ही थेट चमच्यावर जायचो.
इथे तो दारातच उभा, पहिल्या पानावर, चौदा वेळा.

खाली तांबट हंडा ठोकत होता. आधी वाजतो, मग घुमतो.
"यांचं उलटं," बाई म्हणाल्या,
"आधी घुमायचं, मग वाजायचं."

त्यांच्याकडे स नाही, श नाही.
टेपवरच्या म्हाताऱ्याला बाईंनी आपलं गाव सांगितलेलं.
नातिक, तो म्हणतो. थांबून, जरा जपून, पुन्हा: नातिक.
मागे कोंबडा ओरडतो,
तो मी टाइप केला नाही.

मोजतात अंगावर. करंगळीपासून अंगठा, मनगट, कोपर,
खांदा, कान, डोळा, नाक,
मग पलीकडे उतरायचं.
माझं बिल झालं तेरा हजार, म्हणजे पलीकडचा कान.
"डोळ्यावर या ना," बाई म्हणाल्या.
आले.

आणि हे व्याकरणाचं पान, जे मी तीनदा टाइप केलं:
आपण म्हणतो, पाणी भरून, पोरं उठवून, डबे करून, धुणं वाळत घालून,
एकाच बाईच्या डोक्यावर सगळं ऊन.
त्यांच्यात क्रियापदाला शेपट्या दोन.
एक म्हणते, पुढचंही हाच करणार.
दुसरी, नुसतं मो:
आता दुसरं कुणीतरी.
कोण, ते सांगत नाही. जागा करून ठेवते.
माझ्या आईच्या अख्ख्या आयुष्यात
एकही मो नव्हता.

शेवटच्या गोष्टीत म्हातारा
डोंगर उतरून, लाकडं रचून, आग पेटवतो. पेटव-मो.
तिथे टेप संपते.
मी सवयीने पूर्णविराम दिला.
बाईंनी लाल पेनने खोडला.
"कुणीतरी यायचंय अजून."

रात्री घरी कुकर उघडून, ताटं घेऊन, लिंबू चिरून
मी स्वयंपाकघरातून म्हणाले,
मो.

"काय म्हणालीस?"
त्याने टीव्ही बारीक केला.