पाव गोळी

दत्तप्रसादच्या काट्यावर हिरे मोजतात.
झवेरी बाजार, दुसरा माळा, काचेच्या पेटीत काटा.
नुसता श्वास सोडला तरी आकडा हलतो,
म्हणून मोजताना तो श्वास धरून बसतो.

त्या दिवशी शेठ जेवायला गेल्यावर
त्याने खिशातून कागद काढला.
कागदात शलाकाची गोळी,
मी पहाटे ब्लेडने कापलेली, चार तुकडे.
एकेक पेटीत ठेवला.
अडतीस. एकसष्ट. चव्वेचाळीस. सत्तावन्न.
हवे होते पन्नास, चारही वेळा.

रात्री भांडुपला आल्यावर वही समोर धरली.
मला वाटलं, माझ्या हाताला नाव ठेवतोय.
"तुझा हात नाही गं," म्हणाला,
"गोळीच मोठ्या माणसाची आहे."

बारा दिवसांची होती, ओकून ओकून सुकलेली,
तेव्हा परळला एका शिकाऊ डॉक्टरणीने सांगितलं,
हिच्या अंगात मीठ ठरत नाही.
मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते,
तिथे जे बनायला हवं ते बनत नाही,
आयुष्यभर बाहेरून द्यायचं.
मिठाला जागणं एवढंच मला माहीत होतं.
मीठच राहत नाही, हे कुठल्या म्हणीत बसवू?

आता सात वर्षांची आहे.
डब्यातलं मीठ बोटाने चाटते, लपूनछपून नाही, राजरोस.
गच्चीवरून पलीकडची मिठागरं दिसतात,
तिने एकदा विचारलं, "ते सगळं माझं का?"

अडीच महिन्यांनी मिळालेली तारीख. समोर चार मिनिटं.
मी सांगितलं: गाल सुजतात, दुपारी वर्गात झोपते,
उंची अडलीय, एक दिवस बरा तर दोन दिवस वाईट.
डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले,
"पाव म्हणजे पावच हो. थोडं इकडेतिकडे चालतं."

दत्तप्रसाद, जो भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही,
त्याने वही टेबलावर सरकवली.
तीन महिन्यांचे तुकडे, तारखेनिशी,
शेजारच्या रकान्यात मुलगी कशी होती ते.
"साहेब," म्हणाला, "एवढ्या फरकाला
आमच्या बाजारात माणसाला कामावरून काढतात."

बाहेर पुढचा नंबर दोनदा पुकारला गेला.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं
आणि पान उलटलं. मग अजून एक.

त्यानंतर लगेच काही झालं नाही.
औषधशाळेचा अर्ज, अर्जावर सही,
सही करणारे रजेवर, आले तर शिक्का कपाटात.
पाच मंगळवार मी त्या बाकावर बसले,
बाकावर कोणी कोरलेलं 'शुभम' मला पाठ झालं.
सहाव्या मंगळवारी पुड्या मिळाल्या:
गोळ्या खलून, दुधाच्या साखरेत मिसळून,
आजीच्या मात्रेसारख्या घडी घातलेल्या.
दिवसाला तीनऐवजी चार.

शाळेचं वेगळंच.
ताप आला तर तिप्पट, उलटी थांबेना तर सुई,
हे मी कागदावर लिहून नेलं.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही शाळा आहे, दवाखाना नाही."
मी म्हटलं, तिला दवाखान्यापर्यंत तग धरता यावा म्हणूनच सुई.
त्यांनी कागद पेपरवेटखाली ठेवला. तो तिथेच राहिला.
दारात कुंदामावशी घंटेचा हातोडा घेऊन उभ्या होत्या.
"मला शिकव," म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला साखर होती."

रविवारी आमच्या ओट्यावर मोसंबी, साधं पाणी.
पहिली सुई वाकली. दुसरी आरपार.
शलाका मोजत होती, "मावशी, आता बरोबर."
नंतर ती मोसंबी तिने मीठ लावून खाल्ली.

दर महिन्याला एक पुडी अजून काट्यावर जाते.
शंभर हवेत. परवा नव्व्याण्णव भरले.
फोनवर त्याने फक्त आकडा सांगितला,
आणि मग मला ऐकू आला
धरून ठेवलेला श्वास.

ब्लेड मी टाकलेलं नाही.
पुढच्या महिन्यातही पुड्या मिळतील
असं कुणी सही करून दिलेलं नाही.