एकी

सिव्हिलला मंगळवारी लघवीवाल्यांचा वार.
बाकावर आम्ही अकरा म्हातारे
मांड्या आवळून पेपर वाचल्याचं सोंग करतो.
सिस्टर हाक मारते, "मुतगेकर!"
आणि कुणीतरी फिस्सकन हसतं.
हस बाबा. गावावरनं आलेलं आडनाव आहे,
आता आजारही त्याला शोभेसा आलाय.

डॉक्टर गोकाककडचा, पोरगेलासा.
रात्री किती वेळा उठता? धार कशी आहे?
कसली धार साहेब, म्युनिसिपालटीचा नळ.
उभं राहायचं आणि वाट बघायची.
त्यानं हातमोजा चढवला, कुशीवर वळवलं,
एका बोटात कळलं त्याला सगळं.
प्रोस्टेट अक्रोडाएवढं असतं म्हणाला.
अक्रोड कुठं बघितलाय मी? लिंबू म्हणा.
तर माझं मोसंबं झालंय.
नळी घातली, मांडीला पिशवी बांधली,
ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

बत्तीस वर्षं निपाणी–बेळगाव कंडक्टरकी केली.
एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.
कुठं भिंत, कुठं ऊस, कुठं पडकी शेड,
डोळे झाकून सांगेन. सगळे आडोसे पुरुषांचे.
हत्तरगीला ड्रायव्हर मल्लू आणि मी उतरायचो
त्या भिंतीपाशी, जिच्यावर रंगवलेलं होतं
एकी ठेवा.
आम्ही रोज ठेवून यायचो.

एकदा संकेश्वर सुटल्यावर
एका बाईनं करंगळी वर केली.
विड्या वळणारी, नखं तंबाखूनं पिवळी.
मराठीत एकी, कन्नडात ओंदक्क,
दोन्हीकडं आकडा एकच,
एवढ्यावरनं तरी आमचं भांडण नाही.
मला कळलं होतं. तरी म्हणालो,
"एकच ना? काढलंय की तुझं तिकीट."
गाडी हसली. मी दोन घंट्या मारल्या.
हत्तरगीला उतरलो तेव्हा
ती खिडकीतनं माझ्याकडंच बघत होती.
बेळगावला सगळ्यांत शेवटी उठली,
पदर मागनं ओढून घेत.
डेपोत सीट धुताना
तिच्या सात पिढ्या काढल्या मी.

हे रात्री यल्लुबाईला सांगितलं.
तिनं पिशवी रिकामी केली,
वहीत लिहिलं: साडेचारशे.
मग म्हणाली,
"तुमच्या गाडीत मी कधी पाणी पिऊन बसले नाही.
पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हासुद्धा."
आणि भाजीचा भाव सांगावा तशी पुढं म्हणाली,
"अंग खाली येतंय माझं. थोरलीच्या वेळेपासनं.
आत सारते आणि कामाला लागते."
थोरली त्रेचाळीस वर्षांची आहे.
खोली एक, भिंत एक, अंथरूण एक.
सांगायचं नाहीस का कुणाला?
"डॉक्टरला? कन्नडात सांगायला येत नाही,
मराठीत सांगवत नाही."

पुढच्या मंगळवारी दोघं निघालो, केसपेपर दोन.
कंडक्टर पोरगी होती, खाकी शर्टात,
घंटीची दोरी मनगटाला गुंडाळलेली.
संकेश्वर मागं पडलं.
पुढच्या सीटवरची बाई पाय हलवत होती,
पदराचं टोक पिळत होती.
ते ओळखायला मला कंडक्टरकीनंच शिकवलंय.
मला गरज नव्हती, नळी तिचं काम करत होती.
तरी उभा राहिलो. करंगळी वर केली.
सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो,
"ओंदक्क, अव्वा."
"स्वल्प तडकोरी, अज्जा, हत्तरगी आलीच की."
"होत नाही," म्हणालो. "आत्ताच."

एक घंटी.

उसाच्या बाजूला सहाजणी उतरल्या,
कुणी कुणाकडं न बघता.
सातवी यल्लुबाई.
मी दारातच उभा, दांडा धरून.
ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता,
मागनं कोण तरी म्हणालं,
म्हाताऱ्यांनी घरात बसावं.
मांडीला पिशवी
हळूहळू कोमट होत होती.