कोरडे शॉवर

भुसावळला, जामनेर रोडच्या दुकानात
भिंतीवर चाळीसेक शॉवर टांगलेले.
सगळ्यांनी माना खाली घातलेल्या,
एकाच्याही पोटात पाणी नाही.

म्हटलं, चालू करून दाखवता का एखादा?
काउंटरवरचा पोरगा हसला,
काका, कनेक्शन कुठंय इथं?
छत्तीस वर्षं लोको शेडमध्ये काढलेल्या माणसाने
न चालवता वस्तू घ्यायची,
म्हणजे मीठ न चाखता भरीत वाढायचं.

आधी त्याने जेवणाच्या ताटाएवढा काढला.
रेन शॉवर. डोक्यावर आभाळ धरल्यासारखं वाटतं, काका.
किती पितो?
काय?
पाणी. मिनिटाला किती पितो?
त्याने खोका उलटा केला, बारीक अक्षरं वाचली.
अठरा लिटर.

आमच्या गल्लीत नळ येतो नवव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला.
वर पाचशेची टाकी.
मी मनातल्या मनात भागाकार केला:
अठ्ठावीस मिनिटांचं आभाळ निघालं.
धुणं-भांडी आणि कढीपत्ता त्यात धरले नव्हते.

रमजान तडवी सोबत होता, आमचा प्लंबर.
त्याने चकतीवरून अंगठा फिरवला.
पानी खारं हाये भाऊ, ही भोकं वरीसभरात बुजतीन.
रबरी भोकाचा घ्या, बोटानं चोळला की क्षार निघतो.
मग आवाज उतरवून, शॉवरने ऐकू नये तसा,
आन मे महिन्यात टाकीतलं पानी चहाले चालते.
तवा काय करसान?

खरंच होतं. मेमध्ये आम्ही
रात्रीच दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवतो,
पहाटेपर्यंत त्या जरा माणसात येतात.
दुपारी नळ सोडायची हिंमत नाही.
गिझर तेव्हा भिंतीवरचा पाहुणा.

मग तुम्हाला शॉवर हवा कशाला,
हे पोराने विचारलं नाही, बरं केलं.

कुमुदचा उजवा हात
फेब्रुवारीतल्या ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जात नाही.
भरलेला तांब्या छातीपर्यंत येतो
आणि तिथेच थबकतो.
मग ती वाकते,
डोकंच तांब्याकडे नेते.
मी दाराबाहेरून विचारतो, येऊ का?
आतून उत्तर येतं, पेपर वाचा.

माझ्या खिशात सुतळी होती.
आदल्या दिवशी ती फळीवरचा शेवेचा डबा काढत होती,
हात जिथवर पोचला
तिथवर मी मागून गुपचूप मोजलं
आणि गाठ मारली.

हातात धरायचा टेलिफोन शॉवर घेतला,
रबरी भोकांचा, दीड मीटर नळीचा, सगळ्यात साधा.
पोरगा म्हणाला, हुक साडेसहा फुटांवर बसवतात सगळे.
मी सुतळी काढली.
रमजानने गाठ पाहिली,
काही न बोलता पेन्सिल कानामागे खोचली.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं,
पप्पा, काचेचं पार्टिशनही करून घ्या.
मी म्हटलं, रेंज नाही.

नव्या टाइलवर ती खूण बघून कुमुद म्हणाली,
एवढ्या खाली? पाहुणे हसतील.
पाहुण्यांना बादली आहे, मी म्हटलं.
टाइल अजून किती पुसायच्या राहिल्यात, ते ती मोजत राहिली.

रमजान गेल्यावर मी बादली लावली, घड्याळ धरलं.
मिनिटाला साडेसहा लिटर.
पुन्हा धरलं. सहा-सातशे.
शेडमध्ये एवढा फरक चालला असता.

आज सकाळी तिने आतून कडी लावली.
मी पेपर उघडला, एकाच बातमीवर बसलो.
पाण्याचा आवाज येत होता,
सलग, मधे न थांबणारा.
बराच वेळ.
भागाकार करायचा नाही असं ठरवलं होतं,
तरी साठ लिटरपर्यंत केला.

मग नळ बंद झाल्याचं कळलं
आणि आतून तिची हाक आली,
अहो,
माझा तांब्या कुठे ठेवलात?